परिचिताचे परिशीलन

तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात समाजशास्त्राचे अध्यापन करीत असताना, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुटीपूर्वी मी दरसाल एकच काम सांगत असे. एक मोठा कोरा कागद घ्यावा, पुरुषासाठी त्रिकोण आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढावे, विवाहसंबंध दोन समांतर रेषांनी दाखवावा, भावंडे वरून जाणाऱ्या एका आडव्या रेषेला टांगावीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, जितक्या पिढ्यांपर्यंत मजल जाईल तितक्या पिढ्यांची आपल्या कुळाची वंशावळ मांडून आणावी. सुटीनंतर हे कागद माझ्या टेबलावर जमत, तेव्हा त्यांतील त्रिकोणांखाली नावे असत, कुठे कुठे तर सात-सात पिढ्यांची. कारण जमिनीच्या वारसनोंदीसाठी ती कधी ना कधी तलाठ्याच्या दप्तरात सांगावी लागलेली असत, अथवा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून कुणी हौसेने उतरवून आणलेली असत. वर्तुळे मात्र आजीच्या वर सरकली की रिकामी राहत. पणजीचे नाव बहुतेकांना ठाऊक नसे. आणि ज्यांना ठाऊक असे त्यांनाही ते सासरचे, म्हणजे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून बदललेले नाव तेवढे ठाऊक असे.

एका वर्षी एक मुलगा कागद पुढे करीत संकोचाने म्हणाला, ‘‘मॅडम, मी घरी सगळ्यांना विचारलं, पण बायकांची नावं कुणालाच आठवेनात. पण बाकीच्यांच्या कागदावरही नाहीत. म्हणजे ही माझी चूक नाही ना?’’ मी त्याला ते वाक्य वर्गापुढे पुन्हा उच्चारायला लावले. कारण तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात जे काही शिकवायचे होते त्याचे बीज त्याच्या त्या प्रश्नात होते. एका घरातली पणजी विस्मरणात गेली तर तो त्या घराचा दोष म्हणता येईल. परंतु निरनिराळ्या गावांच्या, जातींच्या आणि परिस्थितीच्या साठ विद्यार्थ्यांच्या साठ कागदांवर नेमक्या त्याच जागी तेच वर्तुळ जेव्हा रिकामे राहते, तेव्हा त्या विस्मरणामागे काही व्यवस्था असली पाहिजे, आणि ती व्यवस्था कोणती, ती कशी चालते, ती कुणी राखली आणि कुणी सोसली, हे शोधू पाहणारे जे शास्त्र त्यालाच समाजशास्त्र म्हणतात.

पदवीसाठी हा विषय घेणाऱ्या मुलामुलींचे आईबाप प्रवेशाच्या दिवसांत भेटत, तेव्हा त्यांच्या मनात प्रायः एक गैरसमज असे, की समाजशास्त्र म्हणजे समाजकार्य. तो निस्तरण्यातच पुष्कळ वेळ जाई. समाजकार्य हे स्वतंत्र आणि आदरणीय व्यावसायिक शिक्षण आहे. मुंबईत १९३६ साली त्यासाठी दोराबजी टाटांच्या नावाची जी संस्था निघाली तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली, आणि संकटातल्या माणसाला साहाय्य कसे करावे याचे शिक्षण तेथे रीतसर मिळते. समाजशास्त्राचा विद्यार्थी त्याच्या एक पायरी अलीकडे उभा असतो. इतकी माणसे एकाच प्रकारच्या संकटात एकाच वेळी का सापडतात, हा त्याचा प्रश्न असतो.

हा प्रश्न शास्त्राच्या शिस्तीने विचारता येईल, ही कल्पना फार जुनी नाही. ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३८ च्या सुमारास या शास्त्राला नाव दिले; परंतु ते नाव सार्थ कसे करावे हे दाखवले ते एमिल दुर्खीम याने. त्याने १८९७ साली प्रसिद्ध केलेला आत्महत्येवरील ग्रंथ आजही द्वितीय वा तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला वाचावा लागतो, आणि तो वाचवतही नाही आणि सोडवतही नाही, अशी त्याची अवस्था होते. माणसाच्या हातून घडणारे यापेक्षा एकाकी, यापेक्षा खासगी कृत्य दुसरे कोणते असेल? तरीही युरोपातील राज्यांचे सरकारी तक्ते समोर मांडून दुर्खीमने दाखवले, की प्रत्येक देशाचे या कृत्याचे प्रमाण वर्षामागून वर्ष जवळजवळ स्थिर राहते, कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत ते अधिक असते आणि विवाहितांपेक्षा अविवाहितांत अधिक असते. म्हणजे, ज्या माणसाला त्याच्या समूहाने घट्ट धरून ठेवले आहे त्याचा तोल सहसा सुटत नाही, आणि ज्याची पकड सैल झाली आहे त्याचा सुटू शकतो. विदर्भ-मराठवाड्याकडून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना हा धडा शिकवताना माझा आवाज स्थिर राहत नसे, कारण वर्गात अशी एखादी मुलगी किंवा मुलगा असेच की ज्याच्या घरी, भावकीत वा शेजारी ते घडलेले असे, आणि ‘त्यांचा स्वभावच हळवा होता’ या एका वाक्याने गावाने तो विषय मिटवलेला असे. कर्ज, पाऊस, बाजारभाव, मुलीचे लग्न, आणि ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असा माणूस गावात न उरणे, या सगळ्यांची सांगड घालून विचार करण्याची मुभा त्या मुलांना प्रथम या तासाला मिळे. काहींच्या डोळ्यांत पाणी येई. आणि मला वाटते, त्या पाण्यात पहिल्यांदाच अपराधीपणा नसे.

आपल्याकडे या शास्त्राचे पहिले विद्यापीठीय घर मुंबईत बांधले गेले याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली हा विभाग निघाला आणि पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश गृहस्थाकडे, जो मुळात जीवशास्त्रज्ञ आणि नंतर नगररचनाकार म्हणून प्रसिद्ध पावला, त्याची सूत्रे देण्यात आली. त्याच्यामागून १९२४ साली तेथे आले गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणात जन्मलेले, एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत शिकलेले, पुढे केंब्रिजला जाऊन मानववंशशास्त्रात पारंगत झालेले हे गृहस्थ पस्तीस वर्षे त्या विभागाचे अध्वर्यू होते, आणि एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे अशी एकमेकांशी मुळीच न जुळणाऱ्या प्रज्ञेची माणसे त्यांच्या हाताखालून गेली. १९३२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा जातिसंस्थेवरील ग्रंथ आजही अभ्यासक्रमातून हललेला नाही. त्यांची सर्व मते मला पटत नाहीत. आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवण्याचा त्यांचा आग्रह मला पहिल्यापासून एकांगी वाटत आला आहे. परंतु पोथी आणि गाव, दोन्ही वाचल्याखेरीज हा देश कळणार नाही, ही त्यांची शिस्त मी शिरोधार्य मानते.

इरावतीबाईंकडे वळले की मी थोडी रेंगाळते, आणि वर्गातही रेंगाळत असे. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा १९५३ सालचा ग्रंथ विद्यार्थ्यांना प्रथमदर्शनी रुक्ष वाटतो. म्हणून मी तो उघडण्यापूर्वी मुलींना एक साधा प्रश्न करी : तुमची आजी आपल्या सासूला काय म्हणत असे? उत्तरे ठरलेली असत. कुणी म्हणे आत्याबाई, आणि सासऱ्याला मामंजी. मग मी विचारी, नवऱ्याची आई आत्या कशी? वर्ग गप्प होई, आणि थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, ‘‘मामाच्या मुलीशी लग्न करतात ना, मॅडम.’’ बरोबर! मुलाने मामाची मुलगी केली, की त्या मुलीच्या बाजूने पाहता ती आपल्या सख्ख्या आत्याच्या घरी सून होऊन जाते. सासू ही तिची आत्याच असते, आणि आत्याच्या यजमानांना आपल्याकडे पुष्कळ घरांत मामा म्हणतात, म्हणून सासरे मामंजी. आता ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या असे लग्न झालेले नाही त्या घरांतही ही संबोधने राहिली आहेत. विवाहाची एक जुनी रीत, जी कुठल्या शिलालेखात कोरलेली नाही, ती सुनेच्या तोंडच्या दोन हाकांत शाबूत राहिली. उत्तरेत असा विवाह निषिद्ध, दक्षिणेत तो इष्ट, आणि महाराष्ट्रात या दोन्ही रीती एकमेकींना येऊन भेटतात, हे इरावतीबाईंचे प्रतिपादन मग रुक्ष राहत नसे. मुली घरी जाऊन आजीला नव्याने प्रश्न विचारू लागत. पंढरीच्या वारीवर इरावतीबाईंनी जो निबंध लिहिला आहे, त्यातही तोच डोळा आहे. एकाच दिंडीत एकाच अभंगाला टाळ्या धरणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे त्यांना दिसले, ते त्यांना सोसवले नाही, आणि तरीही त्या शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर चालल्या.

परंतु या शास्त्रातील विचार कसा चालतो याचा सर्वांत स्वच्छ नमुना कोणता, असे मला कुणी विचारले, तर मी नि:संशयपणे ९ मे १९१६ या तारखेकडे बोट दाखवीन. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्यापूर्वी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अमेरिकेतच जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला होता, आणि आंबेडकरांनी त्याचा आदराने परामर्शही घेतला आहे; परंतु आंबेडकरांची युक्ती वेगळी होती. ते जवळजवळ गणितासारखे मांडतात. जातीचे सार जातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे असे धरले, तर त्या जातीतील विवाहयोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या सतत सारखी राहिली पाहिजे. पण मृत्यू हा हिशेब पाळत नाही. नवरा वारला की एक स्त्री उरते. ती जातीबाहेर विवाह करील तर कुंपण मोडेल, आणि जातीत करील तर दुसऱ्या मुलीचा वर हिरावेल. म्हणून एक तर तिला चितेवर चढवायचे, नाही तर जन्मभर वैधव्यात कोंडायचे. बायको वारली की एक पुरुष उरतो. त्याला जाळणे वा कोंडणे समाजाला परवडत नाही, म्हणून अद्याप विवाहयोग्य न झालेल्या लहान मुलींमधून त्याला वधू द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह, ज्यांच्याविषयी एकोणिसाव्या शतकात इतके शास्त्रार्थ झाले, त्या तिन्ही चाली जातीचे कुंपण राखण्याच्या एकाच गरजेतून उगवल्या, हे या तरुणाने एका निबंधात सिद्ध करून दाखवले. ही मांडणी फळ्यावर करीत असताना वर्गात जी शांतता पसरे ती मी दुसऱ्या कुठल्याही पाठाच्या वेळी अनुभवलेली नाही. त्यानंतर रविवारच्या वृत्तपत्रातले वधूवरविषयक रकाने मी मुलांना कापून आणायला सांगे, आणि ‘जातीची अट नाही’ हे तीन शब्द किती जाहिरातींत सापडतात ते मोजायला लावी. मोजणी लवकर आटोपे.

आता एक गाऱ्हाणे सांगते, कारण ते वर्षानुवर्षे मनात साचले आहे. मराठी माध्यमातून हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा एखादा प्रश्नोत्तरसंग्रह पडतो. त्यात व्याख्या असतात, वैशिष्ट्ये असतात, गुण-दोष असतात, आणि ते सर्व घोकून विशेष स्तराच्या प्रश्नपत्रिकेत उतरवले की पदवी हाती पडते. एका अशा संग्रहातून ‘जजमानी पद्धती’ पाठ करून आलेली एक विद्यार्थिनी मला आठवते. विल्यम वायझर या अमेरिकन पाद्र्याने उत्तर प्रदेशातील एका गावाच्या आधारे १९३६ साली त्या पद्धतीचे वर्णन केले, हे ती घडाघडा सांगत होती. पण तिचे आजोबा गावकीचे सुतार होते, सुगीला खळ्यावर जाऊन ते बलुते आणीत, आणि ते कमी मिळाले की घरात दोन दिवस कुणी बोलत नसे, याचा आणि त्या पाठाचा काही संबंध आहे हे तिच्या स्वप्नीही नव्हते. मुलकी खात्यात नोकरी करताना गावोगाव हिंडलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदार-अलुतेदारांपर्यंत सर्वांची घडण आणि कुचंबणा ‘गावगाडा’त १९१५ साली, म्हणजे वायझरच्या एकवीस वर्षे आधी, मराठीत लिहून ठेवली होती. तो ग्रंथ मी तिच्या हाती दिला. आठवड्याने ती आली ती आजोबांना घेऊनच.

पुस्तकातून उठून उंबऱ्याबाहेर जाणे हा या पदवीचा अर्धा भाग आहे, किंबहुना असायला हवा. तृतीय वर्षाला संशोधनपद्धतीची प्रश्नपत्रिका असते. तिच्या निमित्ताने आम्ही एकदा जवळच्या वस्तीवर कुटुंबपाहणीला गेलो होतो. प्रश्नावलीत ‘व्यवसाय’ असा रकाना होता. एका घरी ओसरीवर बसलेल्या यजमानांनी स्वतःचा व्यवसाय शेती सांगितला, मुलाचा गवंडीकाम सांगितला, आणि पत्नीविषयी विचारताच म्हणाले, ‘‘ती काय करतीय? घरीच असती.’’ माझ्या विद्यार्थिनीने त्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहिले. त्या वेळी ती बाई आमच्यासमोर, पदर खोचून, सुपात हुलगे पाखडत होती. मी विद्यार्थिनीला तेथेच बसवले, आणि पहाटे उठल्यापासून रात्री अंग टाकेपर्यंत त्या बाईंनी काय काय केले ते तासागणिक विचारून लिहून घ्यायला सांगितले : दोन म्हशींचे शेणघाण, धार, चूल, पाणी, भांगलण, वैरणीचा भारा, नातवाचे औषध, पुन्हा धार, पुन्हा चूल. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. सरकारी खानेसुमारीतही केवळ घरकाम करणारी स्त्री बिगर-कामगार म्हणूनच मोजली जाते, हे मी नंतर वर्गात सांगितले, तेव्हा तक्त्यातला आकडा कुठून येतो आणि कुणाच्या ओसरीवर चुकतो, हे समजावून सांगायची गरजच उरली नव्हती.

पुण्याच्या आसपास शिकणाऱ्या मुलांना तर या कामी मोठीच अनुकूलता आहे. नगर रस्त्यावरील लोणीकंद या गावाची पाहणी टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने, पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८२० च्या सुमारास केली होती; तेच गाव पुढे घुर्यांनी पुन्हा अभ्यासले आणि मधल्या सवाशे वर्षांत काय पालटले त्याचा ग्रंथ १९६० साली काढला. पिंपळे सौदागर हे दुसरे गाव. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी १९१७ साली त्याचा अहवाल छापला, आणि १७७१ साली सरासरी ४० एकरांचे असलेले खाते वाटण्या होत होत १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचे जुन्या दप्तरांवरून दाखवले. आज त्या जमिनीवर उंच इमारती आहेत, आणि त्यांच्या सदनिकांत देशभरातून आलेले संगणक अभियंते राहतात. मूळ गावकऱ्यांची घरे, भावकी, जत्रा, जमिनीच्या पैशाने आलेली सुबत्ता आणि तिच्यामागून आलेले तंटे, सारे जागच्या जागी आहे. मॅनसाहेबांच्या अहवालाची प्रत घेऊन त्या रस्त्यांवरून हिंडावे असे कुणाही विद्यार्थ्याला वाटले पाहिजे.

चरितार्थाचे काय, हे विचारणे आईबापांना भागच असते, आणि त्याचे उत्तर मी नेहमी सरळ देत आले. पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण घेऊन नेट वा सेट उत्तीर्ण झालेल्यास अध्यापनाची वाट आहे, परंतु ती अरुंद झाली असून कित्येकांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर सरतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला हा वैकल्पिक विषय म्हणून पुष्कळजण घेतात. पाहणी करणाऱ्या संस्था, ग्रामविकासाची कामे, वृत्तपत्रे, बी.एड. करून शाळा, या इतर वाटा. पगाराच्या दृष्टीने याहून फलदायी पदव्या आहेत हे मी कुणापासून लपवले नाही. आणि तरीही एखाद्या मुलाला हा विषय मनापासून हवा असेल, तर त्याची वाट कुणी अडवू नये, असे मी आईबापांना हात जोडून सांगितले आहे.

त्या रिकाम्या वर्तुळांकडे परत येते. ज्या मुलाने स्वतःची चूक नाही ना असे विचारले होते, तो तृतीय वर्षात असताना तलाठी कचेरीतून आपल्या जमिनीचे जुने फेरफार घेऊन आला. आजोबा वारल्यानंतरच्या नोंदीत त्याच्या वडिलांच्या जोडीने तिन्ही आत्यांची नावे वारस म्हणून लागली होती, आणि लगेच पुढच्या फेरफाराने, हक्कसोडपत्राच्या आधारे, ती तिन्ही कमी झाली होती. तो बराच वेळ त्या कागदांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘नाव लागलं ते काढण्यापुरतंच.’’ मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी कायद्याची दुरुस्ती २००५ साली झाली, हे त्याला पाठ होते. भाऊबीजेला माहेरचे दार उघडे राहावे म्हणून आत्यांनी कोणत्या मनाने अंगठे उठवले असतील, हे त्याने त्या दिवशी प्रथमच मनात आणले, आणि त्या सुटीत तो तिघींकडेही जाऊन आला.

त्याच वर्गातील एक मुलगी, जिच्या कागदावर पणजीचे वर्तुळ तीन वर्षे रिकामे होते, परीक्षा संपल्यावर एके सकाळी माझ्या घरी आली. पिशवीतून तिने जुन्या फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा एक गडू काढला. माळ्यावरची भांडी चिंचेने घासताना तिच्या आईला तो सापडला होता. काठाखाली, ठोक्याठोक्यांनी पाडलेली बारीक अक्षरे होती. ती वाचता यावीत म्हणून मुलीने त्यांत कुंकू भरले होते. पणजीला तिच्या आजोळहून, लग्नाच्या आधी, कुणीतरी तो गडू दिला होता आणि त्यावर तिचे नाव घातले होते, तांदळांत बदलण्यापूर्वीचे. मी प्रथम वर्षाच्या कागदांचा गठ्ठा जपून ठेवला होता. त्यातून तिचा कागद शोधून काढला, आणि तिने उभ्या उभ्याच, माझ्या टेबलावर ओणवून, त्या वर्तुळाखाली ते नाव लिहिले.